गारिफुनांचे बिनपगारी शिक्षक

सेंट व्हिन्सेंट या कॅरिबियन बेटावर आफ्रिकी आणि स्थानिक कॅरिब-अरावाक लोकांच्या मिश्रणातून गारिफुना समाज घडला. इंग्रजांशी लढून हरल्यावर 1797 मध्ये त्यांना होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं गेलं. तिथून ते होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीझ आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यावर पसरले. देश चार, राज्य एकही आपलं नाही. अशा समाजाचा वारसा सरकारनं जपावा, ही अपेक्षा रास्त असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. बेलीझमध्ये 19 नोव्हेंबरचा ‘वसाहत दिन’ थॉमस व्हिन्सेंट रामोस या शिक्षकानं 1941 मध्ये सुरू केला. देशभर सुट्टी मिळाली ती 1977 मध्ये. युनेस्कोनं 2001 मध्ये गारिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत गौरवलं. आधी लोक राबले, शिक्के नंतर उमटले.

शिक्क्यानं भाषा घरात परतत नाही, हेही खरं. बेलीझचा अँडी पालासिओ 1980 मध्ये निकाराग्वाच्या साक्षरता मोहिमेत स्वयंसेवक म्हणून गेला, तेव्हा तिथल्या गारिफुना वस्तीत भाषा मोजक्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली होती. आपल्या गावाचं उद्याचं चित्रच त्याला तिथे दिसलं. पुढे त्यानं गारिफुना गाणी हाती घेतली आणि 2007 च्या ‘वातिना’ अल्बमनं ती जगभर पोचवली.

पोटासाठी इंग्रजी-स्पॅनिश लागते, मग मुलांवर गारिफुना भाषेचं ओझं कशाला, असं कुणी म्हणेल. पण एक भाषा शिकायला दुसरी सोडावी लागत नाही. बेलीझमधल्या डांग्रीगाच्या गुलिसी शाळेत या दोन्हींबरोबर गारिफुनाही शिकवतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळ्यांसमोर मांडलं की वारसा पर्यटकांचा तमाशा होतो. पुंता नाच मुळात मृताच्या जागरणातला, आज तो मंचावर रंगतो. पूर्वजांसाठीचा दुगू विधी मात्र मंचावर आणण्याची गोष्ट नव्हे. काय दाखवायचं आणि काय फक्त घरच्यांना शिकवायचं, हे ठरवणं वारसा शिकवणाऱ्या बिनपगारी स्वयंसेवकाच्या कामातच येतं. वारसा जपायला नुसत्या चित्रीकरणानंही भागत नाही. कसावाचा कंद किसून, लांब विणलेल्या नळीत पिळून, विषारी रस काढून टाकल्यावरच एरेबा भाकरी भाजतात. किती पिळायचं हे हाताला कळतं, आणि त्यासाठी आजीशेजारी नात बसावी लागते. स्वयंसेवक फुकट राबतो म्हणून शिकवणाऱ्या आजीनंही फुकट राबावं असं नाही. निधी आला, तर मंच आणि मांडवाआधी तिचा वाटा काढून ठेवायला हवा.