सुट्टीतले जादा तास आणि दहावीचे टक्के

दिवाळी जवळ आली की जालना शहरात, तसंच अंबड, परतूर, भोकरदनसारख्या तालुक्याच्या गावांत दहावीच्या पालकांमध्ये एकच चौकशी सुरू होते: सुट्टीतले जादा तास लावले का? पंधरा दिवसांत संपूर्ण अभ्यासक्रमाची उजळणी झाली की टक्के वाढणारच, असं क्लासवाले सांगतात, पालक एकमेकांना सांगतात आणि काही शाळाही याच भरवशावर वेळापत्रक लावतात. इतक्या वेळा ऐकल्यावर ते सिद्ध झालेलंच आहे असं वाटू लागतं. तसं ते नाही. सुट्टीत वर्ग भरला एवढ्यानं गुण वाढत नाहीत. त्या वर्गात मुलाच्या डोक्याला काय काम मिळतं आणि सुट्टी संपल्यावर तो त्या धड्याकडे पुन्हा कधी वळतो, यावर सगळं ठरतं.

उजळणी म्हणून बहुतेक वेळा चालतं काय? सर धडा पुन्हा शिकवतात, फळ्यावर महत्त्वाचे मुद्दे देतात, मुलं ते उतरवून घेतात. सगळं ओळखीचं असतं, म्हणून सगळं येतंय असं वाटतं. पण वाचलेलं ओळखता येणं वेगळं आणि कोऱ्या उत्तरपत्रिकेवर आठवून लिहिता येणं वेगळं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे विद्यार्थ्यांवर तपासून पाहिलं. एका गटाला एक उतारा चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकाच फेरीत वाचायला देऊन पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं तीच चाचणी घेतली तर वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ वर राहिले. गंमत म्हणजे आपल्या लक्षात जास्त राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. ‘आमच्या पोराला वर्गात सगळं समजलं’ हे समाधान म्हणूनच फसवं आहे. पाचव्या मिनिटाचं ते यश असतं, आणि बोर्डाची परीक्षा पाचव्या मिनिटाला नसते.

ती असते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीनंतर तीन ते चार महिन्यांनी. एवढ्या अंतरानंतर आठवायचं असेल तर दोन उजळण्यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, याचाही अभ्यास झालेला आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १,३५० हून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगाच्या आधारानं अंदाज बांधला, तर आपल्या मुलांसाठी हे अंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांचं निघतं. थोडक्यात, दिवाळीत केलेला धडा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत न बघता सोडवला, तरच दिवाळीतल्या मेहनतीचं चीज होतं. पंधरा दिवसांत सगळं ‘उरकणं’ याच्या बरोबर उलट आहे. गणितात तर आणखी एक चूक होते. आज फक्त वर्गसमीकरणं, उद्या फक्त महत्त्वमापन, अशी एकाच साच्याची वीस-वीस उदाहरणं सोडवून घेतली जातात. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणं घेऊन पाहिलं. सरावाच्या वेळी एकाच प्रकारची उदाहरणं ओळीनं सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिल्या गटाची २० टक्के आणि दुसऱ्याची ६३. प्रश्नपत्रिकेत कोणतं सूत्र वापरायचं हे कुणी वर लिहून देत नाही. ते ओळखण्याचाच सराव व्हायला हवा.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो: पोरं घरी पुस्तक उघडत नाहीत, वर्गात निदान बसतात तरी. आक्षेप खोटा नाही. दिवाळीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी कापसाची वेचणी चालू असते. अशा घरातल्या मुलाला शांत जागा आणि ठरलेली वेळ मिळणं हाच मोठा लाभ आहे. पण मग तो लाभ जागेचा आणि वेळेचा आहे, पुन्हा ऐकलेल्या व्याख्यानाचा नव्हे. दुसरा आक्षेप निकालाचा: ‘आमच्या वर्गाची सगळी मुलं पास झाली.’ २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकालच ९४.१० टक्के होता. जिथे शंभरातली चौऱ्याण्णव पास होतात, तिथे फी भरून, सुट्टी सोडून येणारी हौशी मुलं पास झाली यात वर्गाचं कर्तृत्व किती? तीच मुलं वर्गाशिवाय काय करती, हे कुणी मोजलेलं नसतं.

तरीही ‘सुट्टीतले वर्ग म्हणजे निव्वळ लूट’ हा उलटा समजही चूकच. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशननं अनेक अभ्यास एकत्र करून उन्हाळी वर्गांचा सरासरी फायदा सुमारे तीन महिन्यांच्या प्रगतीइतका धरला आहे, आणि लहान गट व अनुभवी शिक्षक असतील तिथे तो जास्त दिसतो. आपल्याकडचा पुरावा प्राथमिकचा आहे, पण बोलका आहे. ‘प्रथम’ संस्थेची पद्धत वापरून बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनी महिनाभर वर्ग घेतले, तेव्हा मुलांचं वाचन सुधारल्याचं अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण नेहमीच्या शाळेत दिलं तेव्हा फारसा फरक पडला नाही, कारण तिथे शिक्षक पुन्हा अभ्यासक्रम पुरा करण्यामागे लागले. सुट्टीत मूल जिथे अडलं होतं तिथून सुरुवात झाली, म्हणून फळ मिळालं. दहावीलाही हे लागू पडतं. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. भागाकारात अडलेल्या मुलाला अंकगणिती श्रेढीची जलद उजळणी काय देणार?

बाकीचे समज थोडक्यात. जितके तास जास्त, तितके गुण जास्त: सहाव्या तासाला पेंगणारं मूल काही शिकत नसतं. रात्र जागून अभ्यास पक्का होतो: शिकलेलं मेंदूत पक्कं व्हायला झोपच लागते. ओळी रंगवल्या की लक्षात राहतात: जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यात ओळी रंगवणं आणि नुसतं पुन्हा वाचणं कमी उपयोगाच्या पद्धतींत आहे, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून सराव करणं सर्वांत वर. अपेक्षित प्रश्न पाठ केले की झालं: भाषेच्या कृतिपत्रिकेत न वाचलेला उतारा येतो, तो पाठ कसा करणार?

तेव्हा फी भरण्याआधी पालकांनी विचारावं: पहिल्या दिवशी चाचणी घेऊन मुलाचे कच्चे धडे शोधणार का, रोज न बघता लिहून घेऊन तपासणार का, आणि डिसेंबर-जानेवारीत त्याच धड्यांवर पुन्हा बोलावणार का? उत्तर ‘हो’ असेल तर वर्ग लावावा. ते नसेल, किंवा दिवाळीनंतर आई-बापांबरोबर ऊसतोडीला जावं लागल्यामुळे वर्ग शक्यच नसेल, तर जुन्या प्रश्नपत्रिका, कोरी वही आणि उत्तरं तपासून देणारा एक शिक्षक, एवढ्यावरही हा अभ्यास होतो. त्याला पंधरा दिवस पुरत नाहीत, आणि सुट्टीच असावी लागते असंही नाही.