न्याहाळकानुसार बदलणारे शोधनिकाल

एकाच वेळी, एकाच शब्दाचा शोध घेतला असताही दोन न्याहाळकांत, म्हणजेच ब्राउझरांत, निकालांची यादी किंवा तिचा क्रम निराळा दिसणे यास न्याहाळकानुसार बदलणारे शोधनिकाल असे म्हणता येते. निकालांची क्रमवारी न्याहाळक स्वतः लावत नाही. ती शोधयंत्राच्या सर्व्हरवर लावली जाते. मात्र न्याहाळक प्रत्येक विनंतीसोबत वापरकर्त्याविषयी काही माहिती पाठवतो. ही माहिती प्रत्येक न्याहाळकात वेगळी साठलेली असल्याने उत्तरातही फरक पडू शकतो.

मूलनिर्धारित शोधयंत्र

पुष्कळदा या फरकाचे कारण अगदी साधे असते: दोन न्याहाळकांच्या पत्तापट्टीत दोन भिन्न शोधयंत्रे योजलेली असतात. क्रोम व सफारी यांत सामान्यतः गूगल, तर मायक्रोसॉफ्ट एजमध्ये बिंग हे मूलनिर्धारित शोधयंत्र असते. फायरफॉक्सने अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळात याहूची निवड केली होती. गूगल आणि बिंग यांची संकेतस्थळांची अनुक्रमणिका आणि क्रमवारीचे नियम स्वतंत्र असल्याने त्यांचे निकाल जुळण्याची अपेक्षा धरता येत नाही.

बहुतेक वापरकर्ते मूलनिर्धारित पर्याय बदलत नसल्यामुळे या जागेला मोठे आर्थिक मोल आहे. गूगलने २०२२ मध्ये सफारीतील स्थानासाठी ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यात उघड झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवून ठेवल्याचा निर्णय दिला.

शोधयंत्र एकच असताना पडणारे फरक

कुकी व खाते: संकेतस्थळाने न्याहाळकात ठेवलेल्या छोट्या नोंदीला कुकी म्हणतात. एका न्याहाळकातील कुकी दुसऱ्याला वाचता येत नाहीत. त्यामुळे एकात खाते उघडलेले आणि दुसऱ्यात नसलेले, अशी स्थिती असल्यास शोधयंत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे वापरकर्ते ठरतात. गूगलने २००५ मध्ये खातेधारकांसाठी व्यक्तिगत शोध सुरू केला. डिसेंबर २००९ मध्ये तो खाते न उघडलेल्यांनाही लागू करण्यात आला. त्यासाठी कुकीशी जोडलेल्या १८० दिवसांपर्यंतच्या शोधांचा आधार घेतला जाऊ लागला. सुरक्षित शोधासारख्या पसंतीही खाते नसल्यास कुकीतच नोंदलेल्या असतात.

भाषा: न्याहाळक आपल्या पसंतीच्या भाषांची यादी विनंतीसोबत पाठवतो. देवनागरीत लिहिलेल्या शोधशब्दांबाबत हा संकेत विशेष उपयोगी ठरू शकतो. उदाहरणार्थ, ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ मराठीत दंड, तर हिंदीत शिक्षण असा होतो. केवळ लिपीवरून वापरकर्त्याला कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे कळत नाही. एका न्याहाळकाची भाषा मराठी व दुसऱ्याची हिंदी असेल, तर शोधयंत्राला मिळणारी सूचना वेगवेगळी असते.

स्थान: एकाच जोडणीवरील दोन्ही न्याहाळकांचा आयपी पत्ता सहसा सारखाच असतो. परंतु अचूक स्थान कळवण्याची परवानगी प्रत्येक न्याहाळकात स्वतंत्रपणे दिली जाते. शिवाय ऑपेरासारख्या न्याहाळकातील अंगभूत व्हीपीएन सुविधा चालू केल्यास विनंती दुसऱ्याच देशातून आल्यासारखी भासते. ‘दवाखाना’ किंवा ‘ग्रंथालय’ अशा स्थानसापेक्ष शोधांत हा फरक ठळकपणे दिसतो.

मांडणी व विस्तारके: न्याहाळक आपले नाव, आवृत्ती व उपकरणाचा प्रकार कळवतो, त्यानुसार मोबाइल किंवा संगणकासाठीची मांडणी पाठवली जाते. जाहिरातरोधक विस्तारक बसवलेले असल्यास जाहिराती गाळल्या जातात. अशा वेळी मूळ क्रम तोच असूनही पहिला निकाल वेगळा दिसतो.

न्याहाळकाशी संबंध नसलेली कारणे

शोधयंत्रे अनेक विदाकेंद्रांतून चालतात आणि त्या सर्वांतील अनुक्रमणिका एकाच क्षणी अद्ययावत होत नाहीत. तसेच क्रमवारीतील बदलांची चाचणी काही वापरकर्त्यांवर न कळवता घेतली जाते. म्हणून एकाच न्याहाळकात तोच शोध पुन्हा घेतला तरी निकाल किंचित बदललेले आढळू शकतात.

संशोधन

अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये गूगलच्या निकालांची मोजणी प्रसिद्ध केली. त्यांच्या पाहणीत सरासरी ११.७ टक्के निकालांत व्यक्तिगतीकरणामुळे फरक आढळला. मोजता येईल असा परिणाम प्रामुख्याने खाते उघडलेले असणे आणि आयपी पत्ता यांमुळे होत होता. लागोपाठ घेतलेल्या दोन शोधांपैकी पहिल्याचा प्रभाव दुसऱ्यावर सुमारे १० मिनिटांपर्यंत राहतो, असेही त्यांना दिसले. डकडकगो या प्रतिस्पर्धी कंपनीने २०१८ मध्ये खासगी विंडोतही निकाल बदलत असल्याचा दावा केला. गूगलने त्या पाहणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

खासगी विंडोची मर्यादा

खासगी विंडो जुन्या कुकी वापरत नाही व बंद केल्यावर नव्या कुकी पुसून टाकते. मात्र आयपी पत्ता, भाषेची यादी आणि उपकरणाचा प्रकार ती लपवत नाही. त्यामुळे खासगी विंडोतील निकाल सर्वांसाठी समान असतात हा समज चुकीचा आहे.

महत्त्व

स्वतःच्या संकेतस्थळाला वारंवार भेट देणाऱ्या व्यक्तीला ते निकालांत वरच्या स्थानी दिसू शकते. इतरांना ते तसे दिसेलच असे नाही. एली पॅरिसर यांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात अशा निवडक माहितीच्या वेढ्याला ‘फिल्टर बबल’ असे नाव दिले. हा वेढा प्रत्यक्षात किती दाट आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि, एका पडद्यावरील पहिला निकाल म्हणजे सर्वमान्य उत्तर नव्हे, हे अभ्यास करताना ध्यानात ठेवावे लागते.

तुलना करण्याची पद्धत

दोन न्याहाळकांची योग्य तुलना करण्यासाठी दोन्हींत शोधयंत्र एकच ठेवणे, खाते बंद करणे, कुकी पुसणे, भाषा व स्थानाची परवानगी सारखी ठेवणे आणि विस्तारके थांबवणे आवश्यक असते. शोध एकाच सुमारास घ्यावा. मात्र आधीच्या वेगळ्या शोधानंतर १० मिनिटांहून अधिक काळ जाऊ द्यावा. एवढे करूनही उरणारा किरकोळ फरक बहुधा सर्व्हरकडील कारणांमुळे असतो.