एक तास आकाशाकडे

जानेवारी २०२४ मध्ये भारतीय वायुदलाने मुंबईत मरीन ड्राइव्हवर हवाई कसरती दाखवल्या. तारखा १२, १३ आणि १४. वेळ दुपारी बारा ते एक. पहिला दिवस जुम्याचा, म्हणून आम्ही रविवार निवडला. मुंब्र्याहून सकाळीच लोकल पकडली. आम्ही दोघे, मुलांची दादी, दहावीतली थोरली आणि धाकटा. पिशवीत खिम्याचे समोसे आणि पाण्याच्या बाटल्या.

कठड्यावर जागा मिळाली तेव्हा साडेदहा झाले होते. दीड तास उन्हात काढावा लागला. जाणाऱ्यांनी टोपी आणि छत्री विसरू नये.

आधी ‘सारंग’ची हेलिकॉप्टरे आली. सारंग म्हणजे मोर; अंगावर मोराचेच चित्र. बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलेली ही ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरे एकमेकांसमोरून अशी वळत होती की धाकट्याने डोळेच मिटले. मग ‘सूर्यकिरण’ची नऊ हॉक विमाने, जणू एकाच दोरीत ओवलेली. इंजिनाच्या गरम झोतात तेल सोडले की त्याची पांढरी रेघ उमटते, हे थोरलीने समजावले. विमान डोक्यावरून गेले आणि आवाज मागून आला तेव्हा दादी दचकल्या. “आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात, दादी. विमान तोवर पुढे गेलेले असते,” ती म्हणाली. आजूबाजूचे लोकही ऐकू लागले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. दहावीनंतर तिने कॉमर्स घ्यावे, कॉलेज घराजवळ आहे, असे आम्ही जवळजवळ ठरवून टाकले होते. तिला विचारले नव्हते असे नाही. तिचे ऐकले मात्र नव्हते.

कसरती संपल्यावर समोसे खाताना तिने हळूच विषय काढला. २०१६ मध्ये वायुदलात पहिल्या तीन महिला लढाऊ वैमानिक दाखल झाल्या. २०२२ पासून पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएत मुलीही शिकतात. पण वायुदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. “म्हणजे आत्ताच ठरवायला हवे,” ती म्हणाली.

“आपल्यातले कोण जाते तिथे?” आमच्या तोंडून निघून गेले.

उत्तर दादींनी दिले. समोर मलबार हिलच्या टोकाला राज्यपालांचे निवासस्थान आहे. तिकडे बोट करून त्या म्हणाल्या, “तिथे लतीफ साहेब राहायचे. विसरलात?” एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. जन्म हैदराबादचा. फाळणीच्या वेळी त्यांनी भारताचे वायुदल निवडले. १९७८ ते १९८१ वायुदलप्रमुख, आणि १९८२ ते १९८५ आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल. दादींनी ते नाव रेडिओवर ऐकले होते. आम्ही मुलांना ते कधी सांगितलेच नव्हते.

जोहरची नमाज अदा करून परतीची गाडी धरली. धाकटा मांडीवर झोपला. मुलगी वैमानिक होईल की नाही, अल्लाह जाणे. परीक्षा कठीण, डोळ्यांची तपासणीही कडक. पण घरी पोहोचण्याआधी एवढे ठरले, की जूनमध्ये फॉर्म सायन्सचा भरायचा. कॉलेज दोन स्टेशने लांब आहे. हरकत नाही, लोकल आहे.