गढूळ पाण्यातले लोखंड

पावसाळ्यात शिवनाथेचे पाणी गढूळ होते. अशा वेळी दुर्ग-भिलाईकडे, बोरसीच्या एखाद्या घरात, गृहिणीने घागरीत तुरटीचा खडा फिरविला की काही वेळाने गाळ तळाशी बसतो. मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी हा भार घालविते आणि कण एकत्र येऊन जड होतात. प्रयोगशाळेत मात्र कधी कधी नेमकी उलट खटपट करावी लागते. तेथे गाळ बसू द्यावयाचा नसतो!

याचे कारण भिलाईतच सापडेल. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याला लोहखनिज पुरविले ते मुख्यतः दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांनी. खनिज धुताना निघणारे तांबडे चिखलपाणी हितकसा येथील बांधामागे साठत गेले. त्यात मातीबरोबर लोखंडही आहे. आता ते डोंगर ओसरत चालले आहेत आणि रावघाटाकडे पाहावे लागत आहे. तेव्हा टाकलेल्या गाळाचे मोल वाढणे स्वाभाविकच होय.

पण लोखंड वेगळे काढावयाचे कसे? हेमॅटाइटचा ०.०१ मिलिमीटर जाडीचा कण २० सेंटिमीटर पाण्यातून तळ गाठण्यास सुमारे पाव तास घेतो, ०.००१ मिलिमीटरचा कण जवळजवळ एक दिवस. शिवाय माती लोहकणांना लेपासारखी चिकटून बसते. म्हणून आधी पाणी अल्कधर्मी करून त्यात थोडे सोडियम सिलिकेट घालतात व मिश्रण सतत ढवळतात. कणांवरील ऋणभार वाढतो, लेप सुटतो आणि प्रत्येक कण सुटा तरंगू लागतो. मग स्टार्चची शिजविलेली खळ घालावयाची, आपण कपड्यांना देतो तशीच. ती लोहकणांना धरते, मातीला सहसा धरीत नाही. लोखंडाचे पुंजके खाली बसतात, माती वरच राहते. अमेरिकेत मिशिगनमधील टिल्डन येथे १९७४ साली सुरू झालेल्या कारखान्यात हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजिली गेली.

हात मात्र जपून चालवावा लागतो. सिलिकेट जास्त झाले तर लोखंडही वरच राहते. पाणी जड असले तर त्यातील कॅल्शियम सगळा गाळ एकदम खाली बसविते आणि सकाळपासूनचे ढवळणे फुकट जाते. आणखी एक पंचाईत उरतेच. लोखंड काढून घेतल्यावरचे मातकट पाणी काही केल्या निवळत नाही, आणि पाणी तर पुन्हा वापरावयाचे असते. मग त्यात चुना किंवा आपली घरातली तुरटीच घालावी लागते.