देहाचे पहारेकरी आणि कर्करोग

सन १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे मेचनिकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने ताराम‍ाशाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचे काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला असे दिसले की, फिरत्या पेशींनी त्या काट्यांभोवती वेढा घातला आहे. परकी वस्तू गिळू पाहणाऱ्या अशा पेशींना भक्षकपेशी म्हणतात. मनुष्याच्या देहातही या पहारेकऱ्यांची उपजत योजना असते.

काटा बाहेरचा होता. तो ओळखणे सोपे. कर्करोगाची पेशी मात्र घरचीच असते. मग ती ओळखावी कशी? देहातील बहुतेक निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर स्वकीयत्वाची एक खूण बाळगतात. पुष्कळ कर्कपेशी टी-पेशींच्या नजरेतून निसटण्यासाठी ही खूण टाकून देतात, आणि तेथेच फसतात. १९७५ च्या सुमारास सापडलेल्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ नेमक्या अशा खूणहीन पेशींवर तुटून पडतात. त्यांना शत्रूचा पूर्वपरिचय लागत नाही.

परंतु अर्बुदही स्वस्थ बसत नाही. आपल्यात शिरलेल्या भक्षकपेशींना ते रासायनिक संदेशांनी वश करून घेते. सफाई करणे, नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास साहाय्य करणे आणि दाह शमविणे, ही जखम भरून येताना या पेशींचीच कामे होत. अर्बुदातही त्या तेच करू लागतात. परिणामी अर्बुदाला रक्त मिळते, टी-पेशींचा जोर ओसरतो व कर्कपेशींना अन्यत्र पसरण्यास वाट मिळते. म्हणूनच अनेक कर्करोगांत भक्षकपेशींची दाटी हे अशुभ लक्षण ठरते.

तात्पर्य, पहारेकऱ्यांची संख्या वाढवून भागत नाही. त्यांना रोगाविरुद्ध वळवावे लागते. हे काही प्रमाणात साधते, याचे उदाहरण मूत्राशयाच्या कर्करोगात सापडते. भारतात अर्भकांच्या दंडावर टोचली जाणारी क्षयप्रतिबंधक बी.सी.जी. लस कॅनडातील डॉ. अल्व्हारो मोरालेस यांनी थेट रुग्णांच्या मूत्राशयात सोडली, आणि गाठी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटल्याचे १९७६ साली प्रसिद्ध केले. लशीतील क्षीण केलेल्या जिवंत जंतूंची चाहूल लागताच उपजत पेशी खडबडून जाग्या होतात आणि टी-पेशींनाही हाक देतात. मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोचलेल्या कर्करोगावर हा उपचार आजही प्रचलित आहे. तो प्रत्येकास गुण देतोच असे नाही. तथापि झोपी गेलेला पहारा पुन्हा उभा करता येतो, एवढे त्याने निश्चित दाखवून दिले आहे.