पीक माना टाकण्याआधी

दुष्काळाची मोजदाद लातूर-नांदेडला नवी नाही. मंडळनिहाय पाऊस, धरणातला साठा, गावची पैसेवारी, टँकरच्या खेपा हे सारे इथे मोजले जाते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, तेव्हा तर वाघिणीही मोजल्या गेल्या. पण पावसाचा आकडा आभाळातून किती पडले ते सांगतो आणि पैसेवारी शेवटी हाती काय लागेल याचा अंदाज देते. मधल्या काळात पिकाच्या अंगात किती पाणी होते, हे फक्त पीकच सांगू शकते. त्याला ते विचारण्याच्या पद्धती वनस्पती शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत अनेक दशके रुळलेल्या आहेत. त्या आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्यातल्या आहेत आणि कोरडवाहू शेतीच्या निर्णयांत त्यांना जागा मिळायला हवी.

नुसता पाऊस मोजून का भागत नाही, याचे उत्तर आपल्या जमिनीत आहे. भारी काळी माती पाणी भरपूर धरते, पण त्यातला मोठा वाटा घट्ट धरून ठेवते. रोप कोमेजते तेव्हाही तिच्यात ओल असते, ती मुळांना ओढता येत नाही एवढेच. हलक्या मुरमाड जमिनीत साठा मुळातच थोडा आणि लवकर संपणारा. त्यामुळे एकाच पावसावर एकाच शिवारातली दोन शेते वेगवेगळी तहानतात. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाचा खंड पडला की पीक माना टाकते का, याकडे शेतकऱ्याचे डोळे लागतात. पण माना टाकणे ही उशिराची खूण आहे. त्याआधीच पानांची वाढ मंदावलेली असते, पर्णरंध्रे मिटू लागलेली असतात आणि पानात अन्न तयार होणे घटलेले असते.

हा आधीचा ताण पकडणारी सर्वांत साधी चाचणी म्हणजे पानाचा सापेक्ष जलांश. पानाच्या गोल चकत्या कापून लगेच वजन करायचे. मग त्या काही तास ऊर्ध्वपातित पाण्यावर तरंगत ठेवायच्या, टिपकागदाने वरवरचे पाणी टिपून पुन्हा वजन करायचे आणि शेवटी ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून तिसरे वजन घ्यायचे. समजा, ताजे वजन २४० मिलिग्रॅम, फुगलेले २८० आणि सुके ८० आले. पानात २०० मिलिग्रॅम पाणी मावू शकत होते, प्रत्यक्षात १६० होते. म्हणजे जलांश ८० टक्के. नेमका वजनकाटा, ओव्हन आणि पेट्रीडिश एवढ्यावर हे काम होते. चकती कापल्यापासून पहिल्या वजनापर्यंत दिरंगाई मात्र चालत नाही, कारण तेवढ्यात पान सुकू लागते.

दुसरी प्रसिद्ध चाचणी प्रोलिनची. ताणाखाली अनेक वनस्पती हे अमिनो आम्ल पेशींत साठवतात. बेट्स आणि सहकाऱ्यांनी १९७३मध्ये मांडलेल्या पद्धतीत पानाच्या अर्कात आम्लयुक्त निनहायड्रिन घालून तो तापवतात. मग टोल्युइन मिसळून हलवले की लाल रंग वरच्या थरात उतरतो आणि त्याची तीव्रता ५२० नॅनोमीटरवर मोजतात. यावर रास्त आक्षेप आहे: प्रोलिन वाढले ही वाण तग धरत असल्याची खूण, की तो जास्त होरपळल्याची? एकट्या प्रोलिनवरून हे ठरत नाही. म्हणूनच त्याच्या जोडीला जलांश, पेशीपटलातून होणारी क्षारांची गळती आणि अखेरीस उत्पादन पाहावे लागते. प्रोलिन वाढले, पण जलांश टिकला आणि दाणाही भरला, तरच त्या वाणाच्या बाजूने बोलता येते.

कुंडीतले रोप म्हणजे शेत नव्हे, हाही आक्षेप खरा आहे. कुंडीत मुळांना खोल जायला जागा नसते आणि करडईसारखे पीक तर खोल मुळांच्या बळावरच रब्बीत तगते. पण याचा अर्थ चाचणी सोडावी असा नव्हे. तिच्यासाठी पान शेतातून आणावे, असा आहे. बारामतीजवळच्या माळेगावला २००९पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, उपग्रहही पिकांची हिरवाई टिपतात. मग वजनकाटा कशाला, असे कोणी विचारेल. उपग्रह मोठ्या पट्ट्याचे चित्र देतो. एखाद्या शिवारातल्या पानात त्या दुपारी किती पाणी होते, हे त्या शिवारात जाऊनच कळते.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कापूस संशोधन केंद्र नांदेडला आणि गळीतधान्य संशोधन केंद्र लातूरला आहे. नांदेड ४४ हा कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विश्वासाचा संकरित कापूस याच नांदेडच्या केंद्रातून निघाला. या मातीसाठी वाण इथेच घडू शकते, तर त्याच्या ताणाची नोंदही इथेच ठेवता येईल. दोन्ही जिल्ह्यांतल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांनी येत्या खरिपात पावसाचा खंड पडताच ठरलेल्या शेतांतून, ठरलेल्या वेळी सोयाबीन आणि कापसाची पाने आणावीत, जलांश काढावा आणि तारखेनिशी नोंदवावा. अशा पाच-सात वर्षांच्या वह्या जमल्या, तर संरक्षित पाण्याची पाळी कधी द्यायची आणि कोणते वाण पेरायचे, हे ठरवायला शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतला पुरावा मिळेल.