आधी हॉर्न, मग पी

पहाटे ५:३०
डिसेंबरात आमच्या माळावर साडेआठपर्यंत वारा पडलेला असतो. पुढे जमीन तापते, घारी घिरट्या घेत वर चढायला लागतात, आणि उड्डाणाच्या लॉगमधला कुठला धक्का विमानाचा अन् कुठला हवेचा हे ओळखणं कठीण होतं. त्यामुळे ऑटोपायलटच्या ट्यूनिंगची उड्डाणं सकाळीच उरकायची. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशात हा माळ हिरवा आहे, म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही.

६:३०
इंजिनिअरिंगची पोरं विमान घेऊन आली. फोमचं, १.८ मीटर पंखांचं, आत आर्डूपायलट हा ऑटोपायलट. तक्रार तयारच होती: "सर, सरळ उडताना नाक वर-खाली करतं. पी निम्मा केला, तरी तेच."
"थांब. लॅपटॉप नको काढूस."
बॅटरी लावून सर्वो ताठ झाला की एलिव्हेटर दोन बोटांत धरून हलवायचा. इथे सर्वो जागचा हलला नाही, एलिव्हेटर मात्र मोकळा डुलला. एलिव्हेटरला सर्वोची तार जोडणाऱ्या हॉर्नचं भोक झिजून तारेपेक्षा मोठं झालं होतं. नवा हॉर्न चिकटवला आणि पी, म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा, मूळ किमतीवर नेऊन ठेवला.

७:१५
बॅटरी पुन्हा लावताना वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबवर टोपी. सुरू होताना कंट्रोलर तिथल्या दाबाला शून्य धरतो. झुळूक आत शिरली तर दिवसभर वेग चुकीचा दिसतो. मग एफबीडब्ल्यूए, म्हणजे विमान आपोआप सपाट धरणारा मोड लावून विमान हातानेच उजवीकडे कलवायचं: उजवा एलेरॉन खाली, डावा वर गेला पाहिजे. उलट झालं, तर विमान परत गाडीत.

७:३०
ऑटोट्यून, लेव्हल ६. आधी रोल, मग पिच. ट्रान्समीटर पोराच्या हातात आणि पोरगं भीत भीत स्टिक हलवणारं. "पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. घाबरू नकोस, ४५ अंशांपलीकडे कंट्रोलर तुला कलू देणार नाही." जरा जरा हलवत राहिलं, तर ऑटोट्यूनला शिकायला काही मिळत नाही. दोन बॅटऱ्या यातच गेल्या.

९:३०
वारा सुटला. पोहे, चहा.

१०:००
दिवसातलं खरं काम हे. पोरांनी आणलेला जुना लॉग आणि आजचा, दोन्ही मिशन प्लॅनरमध्ये शेजारी उघडले. जुन्या लॉगमध्ये सरळ उड्डाणात पिचची रेघ सावकाश हेलकावते, पण कडक वळणात एकदम शांत होते. पी जास्त असता, तर ती वळणातही थरथरली असती. वळणात एलिव्हेटर वर उचललेला असतो, हवा त्याला एका बाजूला दाबून धरते आणि ढिलाई निघून जाते. ढिल्या हॉर्नची खूण ती हीच, आणि आजच्या लॉगमध्ये हेलकावा नाही.

आता रोल. मागितलेला रेट एक रेघ, मिळालेला दुसरी. क्वाडकॉप्टरवरून आलेले लोक आधी पी आणि डी धरून बसतात. विमानात बहुतेक काम एफएफ, म्हणजे फीड-फॉरवर्ड, करतो, कारण एलेरॉन जितका वळवाल त्या प्रमाणात विमान ठरावीक वेगाने लोळतं. आधी चूक होऊ द्या आणि मग सुधारा, याची गरजच नाही. आर्डूपायलटमध्ये रोलचा एफएफ मुळात ०.३४५ असतो, पी ०.०८. सेकंदाला ६० अंश मागितले, तर ६० गुणिले ०.३४५ म्हणजे सुमारे २१. पूर्ण हालचाल म्हणजे ४५, तेव्हा एलेरॉन अर्ध्याहून थोडा कमी वळतो. हा हिशेब सेकंदाला १५ मीटर वेगाचा. वेग वाढला की कंट्रोलर एलेरॉनचं वळणं स्वतः कमी करतो. म्हणून पिटो खोटं बोलला, तर सगळंच बिघडतं.

मिळालेली रेघ मागितलेल्या रेघेच्या खाली राहत असेल, तर एफएफ वाढवा. डोक्यावरून जात असेल, तर कमी करा. बारीक, दाट थरथर दिसली, तरच पी-डीकडे वळायचं. आज ऑटोट्यूनने दिलेल्या एफएफवर दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक बसल्या. एका पोराचा हात तरीही पीकडे गेला. का, तर "अजून शार्प होईल." नाही होणार.

दुपारी १:००
जेवण, बॅटऱ्या चार्जिंगला. पुढच्या विमानाचा सैल मोटरमाउंट आवळला.

४:३०
वारा उतरल्यावर चौकोनी मार्गावर ऑटो मोड. कोपऱ्यात विमान फार बाहेर जात होतं, म्हणून एल-वन पीरियड, म्हणजे वळण किती घट्ट घ्यायचं ते ठरवणारा आकडा, एकेकाने खाली आणला. सरळ रेषेवर नागमोडी दिसायला लागल्यावर दोनाने परत वर. रोल नीट झाल्याशिवाय या आकड्याला हात लावण्यात अर्थ नाही.

६:१५
पॅरामीटर फाइल सेव्ह केली. नावात तारीख, वजन आणि प्रॉपेलरचं माप. ही फाइल याच विमानाची आहे. तुम्ही कुणाकडून अशी फाइल मागून घेणार असाल, तर आकडे भरण्याआधी त्याच्या विमानाचं वजन, वेग आणि सर्वो विचारा. आणि आपला हॉर्न हलवून बघा.